उजव्या हाताची नखं

"ताई, मला फक्त एवढंच शोधून द्या. त्या दिवशी मी कडी लावली होती की नाही?"

दिएपने खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं. क्वेनच्या गुप्तहेरीच्या ऑफिसात बायका यायच्या त्या नवरा कुठे जातो हे विचारायला, आणि विमा कंपन्यांची माणसं यायची ती कुणाची पाठ खरंच दुखते का हे विचारायला. कडीचा प्रश्न घेऊन आलेली ही पहिलीच.

"आधी बस. थाकभाऊ, चहा!"

थाकभाऊ म्हणजे क्वेनचे आतेभाऊ. सगळी नोकरी इथे अमेरिकेत, बिलॉक्सीत बस चालवण्यात गेली. क्वेनला गाडी चालवता येत नाही आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना घरी करमत नाही, म्हणून दोघांचं जमलं. तर्क लढवायची त्यांना भारी हौस. तर्क चुकला की चहा त्यांनी करायचा, हा नियमही त्यांचाच. त्यामुळे चहा फार सुरेख करतात.

दिएप बोलायला लागली. महिन्यापूर्वी सासऱ्यांचं श्राद्ध होतं. पहाटेपासून ती एकटी रांधत होती. दुपारी मासा हळदीत शिजत ठेवला, सासूला, न्हानबाईंना, झोपवलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जरा डोकं टेकलं.

"जाग आली तर पुढचं दार उघडं आणि आईंचं अंथरुण रिकामं. मी रस्ताभर धावले हो! मग पोलिसांचा फोन आला. बंदराच्या धक्क्यावरच्या बाकावर सापडल्या. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर. झोपेत जावं तसं."

"मग कडीचं काय?"

"वरची कडी काढलेली होती. आईंचा खांदा आखडलेला, हात कानाच्या वर जात नव्हता. त्यांना ती काढताच आली नसती. म्हणजे मीच लावली नसणार." तिने गळ्याशी हात नेला आणि तसाच ठेवला. "माझा नवरा, तोआन, बोटीवरून आला तो एकच बोलला. तुझ्या झोपेपायी माझी आई एकटी मेली. तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही. शनिवारी मला ह्यूस्टनला भावाकडे पोचवणार आहे. कायमची."

"तुला काय आठवतं?"

"रोज लावते मी कडी. पण रोजची गोष्ट आठवते का कुणाला? लावली नसेल तर जाते मी, ताई. मुकाट्याने जाते. पण लावली असेल तर..."

थाकभाऊंनी चहा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

ओळख पटवायला पोलिसांनी अंगठीचा फोटो पाठवला होता, तो दिएपच्या मोबाइलवर होता. मांडीवर ठेवलेले म्हातारीचे दोन हात. तीस वर्षं कारखान्यात कोळंबी सोलून चिरलेले हात, आणि त्यावर दुधी पांढऱ्या रंगाची देखणी नखं. क्वेनने फोटो मोठा केला. डाव्या हाताची पाचही नखं पांढरीशुभ्र. उजव्या हाताची करंगळी पांढरी आणि बाकी चार पिवळट.

"ही पिवळी कशाने?"

"हळदीने. वन्सं म्हणायच्या तसं. तुयेत वन्संचं नखांचं दुकान आहे ना, दर सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा, आईंना नेऊन त्याच जेल पॉलिश करायच्या. दोनेक महिन्यांपासून आठवड्याच्या मध्येच नखं पिवळी दिसायला लागली. वन्सं मला रागवल्या, तुझ्या हळदीपायी माझ्या कामाची माती होते म्हणून. मी आईंच्या ताटातली हळद बंद केली. चमच्याने भरवायला लागले. तरी पिवळी."

"हात साबणाने धुवायचीस?"

"रोज दोनदा."

"साबण लागला की डाग लाल व्हायचा?"

"नाही, पिवळाच राहायचा." दिएपला प्रश्नाचं नवल वाटलं. "कपड्यांच्या कॉलरलाही काहीतरी पांढरट, तेलकट लागलेलं असायचं सोमवारी. वन्संच्या दुकानातलं क्रीम असेल."

"घराला दुसरं दार?"

"मागचं, स्वयंपाकघरात. त्याला कडी नाही, कुलूप आहे. किल्ली घरच्या सगळ्यांकडे आहे."

तोआन बंदरात बोटीवर जाळं शिवत बसला होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. पाहुण्यांना बसा म्हणाला नाही.

"बायकोने पाठवलं ना तुम्हाला? तिला सांगा, तिकीट काढलंय."

"तुमच्या आई धक्क्यावर कशाला गेल्या असतील?" क्वेनने विचारलं.

"बाबांची वाट बघायला. वीस वर्षं झाली बोट बुडून, पण तिच्या डोक्यातून गेलं होतं ते सगळं. पाणी दिसलं की म्हणायची, आता येतील. घरी यायला तयार व्हायची नाही. एकदा गुडघाभर पाण्यात शिरली! तेव्हा मी ताईला आणि दिएपला बाबांच्या फोटोपुढे उभं करून शपथ घ्यायला लावली, तिला पाणी दाखवायचं नाही. चुकलं माझं?"

तोआनने सुई खाली ठेवली.

"मरणाचं काही नाही हो. म्हातारं माणूस, जायचंच. पण एकटी गेली. आम्ही एवढे असून तिचा हात धरायला कुणी नव्हतं." आणि तो बाप्या माणूस जाळ्यात तोंड खुपसून रडायला लागला. थाकभाऊंचेही डोळे भरले, पण त्यांनी ते उन्हावर ढकललं.

न्हानबाई प्रथम दिसल्या त्या लुककाकांना. धक्क्याच्या तोंडाशी त्यांचं मासेमारीच्या आमिषाचं दुकान. सत्तरी उलटलेली, ओठात सिगरेट, आणि बोटं तंबाखूने तपकिरी झालेली. थाकभाऊंनी क्वेनला कोपराने ढोसलं.

"बादली घेऊन निघालो होतो," काका म्हणाले. "लांबून वाटलं, वहिनी ऊन खात बसल्यात. जवळ जाऊन हाक मारली. हात अजून गरम होता बघ. उजवा हात मांडीवर पसरलेला, बोटं अशी वेगवेगळी फाकवलेली."

"आणखी काही?"

"वास येत होता. दवाखान्यात येतो ना, सुई टोचायच्या आधी, तसला."

गाडीत बसल्याबरोबर थाकभाऊ फुटले. "स्पिरिट! म्हणजे इंजेक्शन! आणि तो म्हाताराच. जुनं प्रेम असणार. त्याचीच पिवळी बोटं लागली त्या नखांना. पटतंय का?"

"काकांनी सुई टोचली आणि वर आपणच वासाबद्दल सांगितलं?"

"हं." थाकभाऊंनी गाडी सुरू केली. "चहा माझ्याकडे लागला."

तुयेतच्या दुकानात चार टेबलं होती आणि चारही भरलेली. तुयेत पन्नाशीची, नीटनेटकी, चेहरा ओढलेला. एका गोऱ्या गिऱ्हाइकाचा डावा हात तिने उशीवर घेतला, बोटं फाकवली आणि करंगळीपासून सुरुवात केली. क्वेन शेजारच्या स्टुलावर बसून बघत राहिली.

"उद्या बीचवर चाललेय," गिऱ्हाईक म्हणालं.

"मग ऐका हं. सनस्क्रीन चोळलं की लगेच हात धुवायचे आणि नखं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. हा पांढरा रंग फार नाजूक असतो, एक-दोन दिवसांत पिवळा पडतो. पडलाच तर घरी खरवडत बसू नका. माझ्याकडे या. वरवरचा डाग असतो, पुसून वरून एक पारदर्शक थर दिला की झालं." हे तिने मान वर न करता सांगितलं. दिवसातून दहादा सांगत असेल.

"आणि तुमच्या आईंची नखं कशाने पिवळी पडायची?" क्वेनने विचारलं.

तुयेतचा ब्रश थांबला. "हळदीने. दिएपला हळदीशिवाय दुसरं काही सुचत नाही."

"त्या दिवशी तुम्ही इथेच होता?"

"हो."

"अहो ताई, दुपारी नाही का तुम्ही श्राद्धाची फुलं आणायला गेलात?" पलीकडच्या टेबलावरची बाई मदत करायला म्हणून बोलली. "आणि दुकान बंद म्हणून तशाच परत आलात."

"हो, थोडा वेळ." तुयेतने करंगळीचा रंग पुसून पुन्हा लावायला घेतला.

"अंत्यविधीआधी आईंचे हात कुणी केले?"

"मी. सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दहाही नखं नव्याने केली." तिचा आवाज चिरकला. "लेकीने करायचं नाही तर कुणी करायचं?"

शुक्रवारी दुपारी दिएपच्या स्वयंपाकघरात सगळे बसले. तोआन दाराला टेकून उभा होता. भिंतीला दिएपची बांधलेली बॅग लावून ठेवलेली. लुककाकांनाही क्वेनने बोलावलं होतं, आणि त्यांच्याजवळ बसायचं थाकभाऊंनी अजून टाळलंच.

"दिएप, तुझं उत्तर आधी," क्वेन म्हणाली. "कडी तू लावली होतीस."

दिएपने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कशावरून?" तोआन गुरकावला.

"तुमच्या आईंच्या नखांवरून. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. दिएप रोज दोनदा साबणाने हात धुवायची, आणि डाग पिवळाच राहिला. ताटातली हळद बंद झाली तरी राहिला. म्हणजे हळद नव्हे. तंबाखूही नव्हे, त्या ओढत नव्हत्या आणि काका त्यांच्याजवळ फिरकतही नव्हते. पांढऱ्या जेलला पिवळं करणारं तिसरं काय? सनस्क्रीन. कॉलरला लागलेलं पांढरट, तेलकट तेच. पण लेकीच्या दुकानाशिवाय कुठेच न जाणाऱ्या बाईला सनस्क्रीन कशाला लागेल?"

"कुणीतरी तिला उन्हात नेत होतं," थाकभाऊ हळूच म्हणाले. या वेळी बरोबर होतं, पण त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला नाही.

"दर सोमवारी. चेहरा रापला तर घरी कळेल, म्हणून सनस्क्रीन चोळायचं. आणि त्यानेच नखं पिवळी पडायची. मरणाच्या दिवशी डावा हात स्वच्छ होता. उजव्याची करंगळी स्वच्छ होती, बाकी चार बोटं राहिली होती. हाताला स्पिरिटचा वास होता आणि बोटं फाकवून मांडीवर ठेवलेली. काका, ती मेलेल्या माणसाची बसायची पद्धत नाही. नखं करून घेणाऱ्या बाईची आहे. आधी डावा हात, मग उजवा, आणि दोन्हीकडे करंगळीपासून. तसं काम कोण करतं, ते मी मंगळवारी पाहिलं. सनस्क्रीनचा डाग कसा ओळखायचा आणि कसा काढायचा, हे गिऱ्हाइकाला पाठ म्हणून दाखवणारी बाई आपल्या आईच्या नखांवरच्या डागाला मात्र हळद म्हणाली."

सगळ्यांनी तुयेतकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

"पुढच्या दाराला आतून कडी होती, म्हणून तुम्ही मागच्या दाराने आलात, तुमच्या किल्लीने," क्वेनचा आवाज उतरला. "आणि गाडी पुढे होती म्हणून आईंना पुढच्या दाराने नेलंत. वरची कडी तुम्ही काढलीत."

"कडी मीच काढली. श्राद्धाचा दिवस होता." तुयेत बोलली तेव्हा आवाज अगदी लहान मुलीसारखा आला. "आई सकाळपासून फोनवर एकच, बाबा येणार, मला ने. मी शपथ घेतली होती रे, तोआन. पण तिचा चेहरा धक्क्यावर कसा व्हायचा तू पाहिला असतास तर! तिथे ती रडायची नाही. परत फिरवलं की रडायची. म्हटलं, तासाभरात आणून सोडीन. दिएप इथे टेबलावर झोपली होती, हाताला पीठ तसंच. उठवावंसं वाटलं नाही."

"आणि आईला टाकून गेलीस?"

"संध्याकाळी देवळातली माणसं येणार होती. म्हणून बाकावरच नखं पुसायला घेतली, सोमवारची पिवळी होती. करंगळी झाली, पुढचं बोट धरलं तर मान कलली. मी हाका मारल्या. किती मारल्या! मग काका बादली घेऊन येताना दिसले आणि मी उठले. गाडीत जाऊन बसले. वाटलं, त्यांना सापडेल, ते नीट करतील, आणि तुला कधी कळणार नाही मी शपथ मोडली ते. घरी आले तोवर तू दिएपवर ओरडत होतास. उद्या सांगू, उद्या सांगू, करत महिना गेला."

तोआन दारापासून हलला. क्षणभर वाटलं, तो बहिणीवर हात टाकणार. पण तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"म्हणजे ती एकटी नव्हती?"

"माझ्या हातात हात होता तिचा."

"काही बोलली?"

तुयेतने मान वर केली.

"म्हणाली, आली बघ बोट. आणि दाखवायला हात उचलायला लागली. मी वरही नाही पाहिलं. मी म्हटलं, आई, हात हलवू नकोस ना, डाग राहील. नाही हलवला तिने मग."

लुककाका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तोआनने बायकोकडे पाहिलं.

दिएप उठली. नणंदेसमोर जाऊन उभी राहिली. महिनाभर साठलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं असणार, ओरडली असती तरी कुणी अडवलं नसतं. पण तिच्याकडून निघालं ते एवढंच.

"उठवायचं होतंत मला, वन्सं," ती म्हणाली. "मीही आले असते."