चिमूटभर भंडारा

"अवं, हात जरा हिकडं करा बघू," अंबू म्हणाली, आणि सिदूने हात पुढे करायच्या आतच तिने वाकून प्लास्टरच्या कडेला नाक लावले. वास येत होता. घामाचा वास तिच्या ओळखीचा होता, पण हा वास निराळाच होता. गोडसर, कुबट, देवापुढच्या तांब्यात चार दिवस राहिलेल्या फुलांच्या पाण्यासारखा.

"काय ग?" सिदूने विचारले.

"काय न्हाय," ती म्हणाली. बायको 'काय न्हाय' म्हणते तेव्हा खूप काही असते, हे नवऱ्यांना कधी कळायचे कोण जाणे!

पंच्याहत्तर सालचा तो एप्रिल. आधीच सोलापूरचे ऊन, त्यात भवानी पेठेतल्या त्या खोलीवर पत्रा. दुपारचे आत बसणे म्हणजे तव्यावर बसणे. अशा दिवसांत सिदूचा उजवा हात तळव्यापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरात अडकला होता. अठरा दिवसांपूर्वी अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यातून पाळी संपवून सायकलवर येताना तो एका बैलगाडीला चुकवायला गेला आणि खडीवर आपटला. मनगटाच्या वरची दोन्ही हाडे मोडली. मागावरचा तुटलेला धागा बघता बघता सांधणारा हात होता तो, सगळ्या शेडात नावाजलेला. डॉक्टरांनी प्लास्टर घालताना बजावले होते, "हात उंच ठेवायचा, बोटं हलवत राहायची, पाणी लागू द्यायचं नाही, आणि आत काही म्हणजे काही घालायचं नाही. काडी नाही, तेल नाही, पावडर नाही. कातडी सडली तर हाड जुळून उपयोग काय?"

अंबूने ते शब्द व्रतासारखे पाळले होते. प्लास्टरची खरबरीत कड अंगठ्याच्या बेचक्यात रुतायची, म्हणून जुन्या मऊ लुगड्याची दुहेरी पट्टी शिवून तिने कडेला घातली होती. आंघोळीच्या वेळी ती हाताला मेणकापड गुंडाळी. हाताखाली वाकळेची उशी देई. दर तासाला त्याची नखे दाबून बघे, रंग परत येतो की नाही. आणि खाज? ती तर वैरीणच! सिदू नुसता तळमळायचा, उठायचा, बसायचा, भिंतीवर प्लास्टर आपटायचा. एकदा छत्रीची काडी आत घालताना तिने त्याला पकडले, काडी हिसकावून घेतली आणि मग अर्धा तास प्लास्टरच्या तोंडाशी पंखा हलवत बसली. इतके डोळ्यांत तेल घालून जपले... मग हा वास आला कुठून?

तिने कडेची पट्टी काढून उजेडात धरली. पट्टी आतल्या अंगाने पिवळी धमक झाली होती.

उंबऱ्याशी केराबाई, तिची सासू, ज्वारी निवडत बसली होती. सुनेच्या हातातली पट्टी तिने पाहिली आणि तिचा हात आपसूक कमरेच्या चंचीकडे गेला. त्या क्षणी अंबूला सगळे उमगले.

चंचीत भंडारा होता, कुलदैवताचा, हळदीचा. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरे राखत केराबाईने जन्म काढला होता. तिथे मेंढराला गोचीड लागली तरी भंडारा आणि माणसाला ताप आला तरी भंडाराच. पण त्याच भंडाऱ्याने या घराचे दोन तुकडे केले होते. सिदूचा धाकटा भाऊ कोंडिबा सतराव्या वर्षी तापाने फणफणला, तेव्हा केराबाई तीन दिवस त्याच्या कपाळी भंडारा लावत बसली. गाडी जुंपून दवाखान्यात निघाली, तोवर उशीर झाला होता. सोलापुराहून धावत गेलेल्या सिदूला भावाचे तोंडसुद्धा नीट बघायला मिळाले नाही. त्याने सगळ्या भावकीसमोर म्हटले, "आई, तुज्या भंडाऱ्यानं माजा भाऊ खाल्ला." एवढेच म्हणाला आणि तीन वर्षे त्या माऊलीचे तोंड पाहिले नाही.

शेवटी अंबूच सासूच्या वाडीला गेली. म्हातारीला एस.टी.त बसवून, तिचे बोचके काखेत मारून घेऊन आली. नवऱ्याला म्हणाली, "तुमची आई म्हणून ऱ्हाऊ द्या, न्हायतर माजी सासू म्हणून. पर हितंच ऱ्हाईल." त्याला आता वर्ष झाले होते. मायलेक जेवायला एका पंक्तीला बसत होते, 'भाकर घे', 'पाणी दे' इतके बोलत होते. एका वर्षात एवढे जुळले होते, हाडासारखे, अगदी हळूहळू.

आणि आता हे...

सकाळी अंबू नळावर पाण्याला गेली की तासभर नंबर लागत नसे. सिदू तेव्हा डोळे मिटून पडलेला असे. म्हातारी तेवढ्यात चिमूट सोडीत असणार. लेकराचा हात बरा व्हावा म्हणून, रोज एक चिमूट. त्या बिचारीला काय ठाऊक, की घामात भिजून त्या हळदीचा थर होईल आणि तो कातडी खाईल!

त्याच दुपारी तिघे टांग्याने दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी प्लास्टर कापले. आत पिवळा लगदा, आणि त्याखाली मनगटावर रुपयाएवढी लालभडक ओली जखम. अंबूने पदर तोंडावर घेतला.

डॉक्टर संतापले. "आठ दिवस उशीर केला असता तर हा हात वाचला नसता. हळद आत कुणी घातली?"

केराबाईने कमरेची चंची मुठीत घट्ट धरली. सिदू खाली मान घालून स्वतःच्या हाताकडे बघत होता. अंबूच्या डोळ्यांपुढे तो माळ उभा राहिला, ती भावकी, आणि ते एकच वाक्य. ते वाक्य पुन्हा या म्हातारीच्या वाट्याला आले तर ती जगणार नाही, आणि हे घर पुन्हा सांधले जाणार नाही.

"मी," अंबू म्हणाली. "मी घातली, डाक्टरसाब. खाज लई सुटायची त्यास्नी."

डॉक्टर तिला नको नको ते बोलले. सिदूने फक्त एकदा मान वर केली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरे वाटले असते.

नवे प्लास्टर बसले. जखमेवर औषध घालायला डॉक्टरांनी त्यात छोटी खिडकी ठेवली. आता दीड महिना.

आणि त्या दीड महिन्यात अंबूच्या जिवाला घडीभर चैन म्हणून पडली नाही. ती हात बघायला गेली की सिदू कूस बदलायचा. "ऱ्हाऊ दे, मी बघतो," म्हणायचा. मेणकापड तो स्वतःच दातांनी धरून बांधू लागला. पट्टीसाठी दवाखान्यात एकटाच जाऊ लागला. जेवताना तिच्या नजरेला नजर देईना. तिने कडेसाठी नवी पट्टी शिवली आणि त्याच्या उशाशी नुसती ठेवून दिली; घालून द्यायची छाती होईना. दुपारी आली तर त्याने ती कशीबशी उलटी घातलेली होती. उलटी तर उलटी, घातली तरी! तेवढ्यावर तिने तो दिवस ढकलला.

केराबाईने तर अन्नच टाकल्यासारखे केले. एकदा चुलीपाशी अंबूचा हात धरून म्हणाली, "पोरी, मी सांगती त्याला. मला गिळवंना झालंय ग."

"आत्याबाई, तुमाला माजी शप्पत," अंबू म्हणाली. "माज्यावरचा राग जाईल. तुमच्यावरचा जायाला तीन वरसं लागली. गप ऱ्हावा."

राग जाईल असे ती म्हणाली खरी. पण भाकरी थापताना, धुणे बडवताना, तिचे अंतःकरण एकच विचारत राही... आणि नाही गेला तर?

बाहेर तर विचारूच नका. गोष्ट नळावर पोचायला किती वेळ? शेजारची दानम्मा, तोंडाळ पण मनाने वाईट नव्हे, भरल्या रांगेत कमरेवर घागर ठेवून म्हणाली, "काय की अंबू, नवऱ्याचा हात म्हंजे काय लोणचं हाय व्हय, हळद घालून मुरवायला?" सगळी रांग हसली. अंबूही हसली, कारण रडण्यापेक्षा ते सोपे होते. पुढे रोज कुणी ना कुणी विचारी, "लोणचं मुरलं का?" ती घागर भरून मान खाली घालून घरी येई.

जून उजाडला. प्लास्टर काढायच्या दिवशी केराबाई कुणी न सांगता डोईवर पदर घेऊन पुढे निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी कात्री चालवली, पांढरे कवच दुभंगले आणि हात बाहेर आला. वाळला होता, खपल्यांनी भरला होता, पण जखम भरून आली होती. "मूठ करा," डॉक्टर म्हणाले. बोटे थरथरली, वळली, मूठ झाली. अंबूने मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले.

तेवढ्यात केराबाई पुढे झाली. "डाक्टरसाब, ती हळद माजी हुती. माज्या सुनंनं शप्पत घातली म्हणून गप हुते. पर आता हात बरा झाला. सिदा, माजं काय करायचं ते कर. तिला बोल लावू नगंस."

आता ते वाक्य येणार...

"ठावं हाय मला," सिदू म्हणाला.

"काय?"

"मी जागा असायचो, आई."

अंबूने त्याच्याकडे पाहिले. मग ती वळली आणि चालू लागली, टांग्यासाठी थांबलीसुद्धा नाही. भर दुपारी डांबर मऊ झालेल्या रस्त्याने ती एकटी चालत घरी आली. दीड महिना! दीड महिना हा माणूस सगळे जाणून होता, आणि तिचे नळावर हसे होऊ दिले! नवऱ्यासाठी, सासूसाठी सगळे सोसताना जे तिला कधी जड वाटले नव्हते, ते त्या उन्हात एकदम छातीवर बसले.

मायलेक मागून आली तेव्हा ती चुलीवर पाणी तापवत होती. डॉक्टरांनी सांगितले होते, कोमट पाण्याने खपल्या काढा, खोबरेल लावा. राग होता म्हणून हात तसाच ठेवायचा? तिने घमेले पुढे ओढले. "हात द्या."

सिदूने हात पाण्यात ठेवला. ती एकेक खपली बोटाने सोडवू लागली, आणि तिचे अश्रू त्याच पाण्यात पडू लागले.

"चंचीची नाडी सुटली की मला कळायचं," सिदू हळू बोलू लागला. "पर डोळं उघडायला धीर हुईना. एकदा बोलून बसलो, अंबू, आणि तीन वरसं जळत ऱ्हायलो. दुसऱ्या बारीला कसं बोलू? चिमटीनं काय हुतंय म्हटलं. मग त्या दिवशी तू 'मी' म्हणालीस... आणि माजी जीभच उचलंना. रोज म्हटलं, आज सांगतो. तुज्याकडं बघायला तोंड न्हवतं मला. तुला वाटलं, राग हाय."

"नुसतं वाटलं न्हाय," ती म्हणाली. "त्यो राग उरावर घिऊन काढला मी दीड महिना."

सिदू म्हणाला, "काय करू सांग."

अंबूने हात पुसला. तेल लावताना तिची बोटे त्या पातळ, गुलाबी कातडीवरून जपून फिरत होती. "मला काय नगं. आत्याबाईला जे भावकीत बोललाव, ते माज्यादेखत मागं घ्या."

केराबाई दारातच उभी होती, आत यायला भीत. सिदू उठला. "आई, कोंडिबाच्या वक्ताला मी जे बोललो..."

"खरंच हुतं रं ते," म्हातारी म्हणाली. "मीच उशीर केला."

"खरं असंल. पर तुजं लेकरू गेलं हुतं, आणि मी तुला तसं बोललो. ते बोलायचं न्हवतं, आई."

म्हातारी मटकन खाली बसली आणि कोंडिबाच्या नावाने रडली, चार वर्षांत पहिल्यांदा लेकासमोर रडली. रडणे ओसरल्यावर अंबूने तिच्या कमरेची चंची स्वतः सोडली, तिचा हात धरला आणि चिमूट घ्यायला लावली. "हाताला न्हाय," ती म्हणाली. "कपाळाला लावा. तितं काय बिगडत न्हाय." सिदूने गुडघे टेकून कपाळ पुढे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबू नळावर निघाली, तर सिदू डाव्या हाताने घागर उचलून तिच्या मागे आला. "ठेवा ती, लोक हसतील," ती म्हणाली. त्याने ऐकले नाही. रांगेत उभा राहिला, बायकांत एकटा बाप्या, उजवा हात गळ्यात अडकवलेला.

दानम्माने डोळे मोठे केले. "काय की सिदू, निघालं का लोणचं बरणीतनं?"

रांग हसली. सिदूही हसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "निघालं. पर दानम्मा, ती हळद हिनं घातली न्हवती."

"मग कुणी घातली?"

अंबूने वळून त्याच्याकडे पाहिले, नको म्हणून. घरात म्हातारी होती, कालच कुठे पोटभर जेवली होती.

"मी," सिदू म्हणाला. "मीच घातली. खाज लई सुटायची. आणि बायकोनं सगळा बोल सवताच्या अंगावर घेतला."

दानम्माने आपली घागर नळाखालून काढली आणि अंबूला म्हणाली, "ये की, तू भर आदी." अंबूने घागर लावली आणि ती भरून वाहू लागली, तरी तिला ते दिसले नाही. सिदूनेच पुढे होऊन, गळ्यातून सोडवलेल्या त्या वाळक्या उजव्या हाताने, नळ बंद केला.