झोत आधी कुठं विझला?

ठोकळा हा वेधशाळेतला यंत्रमानव कुणाचीच भीडभाड ठेवत नसे. २०५८ सालच्या त्या सोमवारी त्यानं अकरा वर्षांच्या शाल्मलीला सरळ सांगून टाकलं, की मुलांच्या अँटेना चुकीचं दाखवताहेत. गुरुवारी संध्याकाळी पाचला त्या उतरवायच्या.

शाल्मलीला रडू येण्याऐवजी रागच आला. तिच्यासह पाच मुलांनी वर्षभर उन्हातान्हात खपून माळावर त्या अँटेना उभ्या केल्या होत्या. त्यांचा रोख होता एका क्ष-किरण जोडताऱ्याकडे (कृष्णविवर आणि त्याच्या ओढीनं आपला वायू गमावणारा तारा). हा वायू कृष्णविवराभोवती चकतीसारखा फिरतो, तापतो आणि क्ष-किरण सोडतो. त्यातला थोडा आत न पडता प्रचंड वेगानं बाहेर फेकला जातो. तो झोत. चकतीची स्थिती बदलली की कधीकधी हा झोत बंदही पडतो.

आता वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीला अवरक्त किरणांत (डोळ्यांना न दिसणारे, तांबड्याच्या पलीकडचे किरण) झोत दिसेनासा झाला होता. मुलांना मात्र रेडिओ लहरींत तो ठणठणीत दिसत होता. दोन यंत्रांचं पटलं नाही तर नवं यंत्र चुकीचं धरून उतरवायचं, असा इथला नियम. तो केला होता शाल्मलीच्या आजोबांनी, वेधशाळेच्या प्रमुखांनी. नातीसाठी नियम वाकवायला त्यांनी साफ नकार दिला. म्हातारा महाहट्टी, आणि नात त्याच घरची.

तिनं ठोकळ्यालाच गाठलं. झोतातले अवरक्त किरण कुठून येतात? कृष्णविवराजवळून, झोताच्या मुळातून, तो म्हणाला. रेडिओ लहरी मात्र पुष्कळ पुढून येतात. त्यांची वारंवारता (सेकंदाला होणारी कंपनं) जितकी कमी, तितक्या लांबून.

"म्हणजे झोत मुळाशी तुटला, तरी आधी सुटलेला पदार्थ पुढं जातोच आहे," शाल्मली म्हणाली. "नळ बंद केल्यावरही लांब पाइपाच्या टोकाला थोडा वेळ पाणी येतं, तसं."

"हे तुझं म्हणणं झालं," ठोकळा म्हणाला. "पुरावा नव्हे."

तिनं एक कागद आजोबांच्या दारावर चिकटवला. आधी उच्च वारंवारतेच्या लहरी मंदावतील, मग मधल्या, शेवटी सर्वांत कमी वारंवारतेच्या. हा क्रम चुकला तर अँटेना मी स्वतः उतरवीन.

मंगळवारी पडद्यावर उच्च वारंवारतेची रेघ खाली आली. बुधवारी मधली. गुरुवारी चार वाजले तरी तिसरी जागची हलेना. पावणेपाचला ठोकळा पाना घेऊन दारात उभा राहिला. शाल्मली पडद्यासमोरून उठली नाही. पाचला सात मिनिटं बाकी असताना रेघ वाकली, आणि मग घसरतच गेली.

आजोबांनी दारावरचा कागद काढून आणला आणि त्या तीन रेघांशी ताडून पाहिला.

"दोन्ही यंत्रं बरोबर होती," ते म्हणाले. "एक मुळाशी पाहत होतं, दुसरं टोकाशी. नियम माझा चुकला."

त्यांनी तिच्यादेखत तो नियम खोडला. शाल्मलीनं लगेच पुढचा प्रश्न विचारला: झोत पुन्हा सुरू होईल, तेव्हा आधी कुणाला दिसेल?

"ते आपल्याला शोधायचंय," आजोबा म्हणाले. "त्यासाठी तुमच्या अँटेना उभ्या असायला हव्यात."

ठोकळा पाना घेऊन माळावर गेला आणि अँटेनांचे सैल झालेले बोल्ट घट्ट करू लागला.