हातावरचे हात

शनिवार हा मठात भट्टीचा दिवस. नंदुरबारहून प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून एक कौलारू घर, मागे दवाखान्याची खोली आणि अंगणात मातीची घुमटाकार भट्टी, एवढाच तो मठ. वारा नंदुरबारकडून आला की वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका इथवर येई, आणि सिस्टरा शिंकत शिंकतच कणीक मळत. १९३४ सालच्या त्या मार्चमध्येही तसंच चाललं होतं.

प्रत्येक सिस्टरची आपली एक कृती होती. एकीची नारळाची बिस्किटं, दुसरीचा रव्याचा केक, आणि वसईहून आलेल्या म्हाताऱ्या सिस्टर क्लाराचा ईस्टरचा गोड पाव. वसईत ती ताडीनं पीठ आंबवी. इथं ताडीऐवजी मोहाची फुलं भिजवून ते काम होई. कृती लिहून द्यायची पद्धत मठात नव्हती. शिकणारीनं कणकेत हात घालायचे, शिकवणारीनं तिच्या हातांवर आपले हात ठेवायचे आणि तसंच शेवटपर्यंत मळायचं. हात काढायचे ते शिकवणारीनं, तेही आधी. शिकणारीनं तोवर थांबायचं.

सिस्टर आगाथाला हे सगळं गमतीचं वाटे. ती दवाखाना सांभाळी, मुंबईत औषधं करायला शिकली होती. पिठाच्या डब्याशेजारी ती औषधाचा काटा घेऊन आली, तेव्हा क्लारा म्हणाली, "तुझ्या त्या काट्याला भूक लागते का गं?"

"नाही, सिस्टर."

"मग त्याला काय कळणार पावातलं? ठेव तो, नि घाल हात."

क्लाराचे तळवे गरम आणि जड होते. कणीक पुढे लोटायची, दुमडायची, थोडी फिरवायची, पुन्हा लोटायची. आगाथाला ती लय हळूहळू कळू लागली होती. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली.

घंटा म्हणजे आज्ञा. लिहिता लिहिता झाली तर अक्षर अर्धं सोडून उठायचं, हे आगाथाच्या अंगात मुरलेलं. तिनं क्लाराच्या हातांखालून आपले हात ओढून घेतले.

"अगं थांब," क्लारा म्हणाली. "मी काढले नाहीत अजून."

"घंटा झाली, सिस्टर." आगाथा हात पुसत निघालीसुद्धा.

प्रार्थनेला क्लारा आली नाही. भांडी घासायला येणाऱ्या दिवलीबाईनं तिला पाहिलं. ती परातीवर वाकलेली होती, हात कोपरापर्यंत कणकेत, आणि श्वास नव्हता.

मूठमाती झाली. दुसऱ्या दिवशी हिवतापावरचं कुनैन तोलताना आगाथाचा हात एकाएकी खाली दबला आणि पूड काट्याच्या पारड्याबाहेर सांडली. तिनं पुन्हा तोललं. पुन्हा तेच. हात थरथरत नव्हता, दुखत नव्हता. वरून कुणी तळवा टेकवावा तसा तो खाली जाई, थोडा पुढे सरके आणि थांबे.

आगाथा घाबरणारी नव्हती. नस दबली असेल, थकवा असेल, दुःख असेल, अशी कारणं तिनं एकेक तपासली. कोपरं टेकवून काम करून पाहिलं. हात गरम पाण्यात धरले. मग उजेडात नीट पाहिलं, तेव्हा दोन्ही हातांच्या पाठीवर फिकट खळगे दिसले, बोटांनी दाबून धरल्यावर पडतात तसे. ते भरून येत, आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पडत.

ती मदर उर्सुलाकडे गेली. मदर मठाची मुख्य, कमी बोलणारी. तिनं आगाथाचे हात पाहिले, पण हातात घेतले नाहीत.

"तिनं हात काढले होते का?" मदरनं विचारलं.

"नाही. मी ओढून घेतले."

"मग एक लक्षात ठेव. कुणाच्या हातावर हात ठेवू नकोस."

"ठेवला तर काय होईल?"

"ठेवू नकोस म्हटलं ना."

आगाथा सांभाळून वागू लागली. नाडी पाहायची तर गळ्याशी बोट लावी. औषधं दिवलीबाईकडून ओतवून घेई. दिवलीबाई हसे. "सिस्टरबाई, आते मीच डाक्टरीन व्हयी गयी!"

मग एका दुपारी तीच दिवलीबाई धावत आली. खांद्यावर तिची नात बुधी होती, जेमतेम चार वर्षांची, डोळे वर गेलेले.

"सिस्टरबाई, पोर आंगार व्हयी गयी शे! कालदिनथून काहीच खात नही."

आगाथानं पोरीचं कपाळ पाहिलं, पोट चाचपलं. हिवताप मेंदूकडे चालला होता. कुनैनचं तयार औषध बाटलीच्या तळाशी उरलं होतं. सुरतेहून येणारी पेटी अजून आली नव्हती.

तिनं चमचा भरला. चमचा पोरीच्या ओठांशी नेला आणि हात खाली दबला. औषध गळ्यावरून ओघळलं.

"अरे देवा! सांडी दिनं ना!"

"तू ओत," आगाथा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी डोकं धरते."

दिवलीबाईनं ओतायला घेतलं. कडू थेंब जिभेला लागताच बुधी उसळली आणि दोन्ही हातांनी चमचा उडवला. आगाथानं तिला चादरीत गुंडाळलं, तर तापातल्या त्या पोरीनं कुठून बळ आणलं कोण जाणे, हात सोडवून घेतले. दिवलीबाईनं बाटली उजेडात धरली. एकच चमचा उरला होता.

"हात धरा तिन्हा!" दिवलीबाई ओरडली. "मी वतस, तुम्ही धरा!"

आगाथानं मनगटं धरली. घामानं ती निसटली.

"धरा ना, सिस्टरबाई! मन्ही एकच नात शे!"

पोरीचे ओठ निळे पडत चालले होते.

आगाथानं आपले तळवे त्या दोन इवल्या हातांवर ठेवले आणि चटईवर दाबून धरले.

वरून तळवे टेकले. गरम, जड. तिच्या हातांवर ते, आणि तिच्या हातांखाली बुधीचे.

औषध तोंडात गेलं. पोर ठसकली, रडली, आणि तिनं ते गिळलं.

"हाई पा! उतरनं!" दिवलीबाई रडत म्हणाली.

आगाथानं हात उचलले. आधी तिनंच.

ते इतके हलके वर आले की ती मागे पडता पडता वाचली. भिंतीला टेकून तिनं हात उलटसुलट करून पाहिले. पाठीवर खळगे नव्हते. संध्याकाळी तिनं पूड तोलली. काटा मध्यावर येऊन स्थिर राहिला. ती प्रथमच रडली.

बुधीचा ताप उतरला. पेटी आली. उरलेलं औषध घ्यायला दिवलीबाई नातीला घेऊन दारात उभी राहिली. पोरीचे केस विंचरलेले, हात मातीनं बरबटलेले.

"पोर वाची गयी, सिस्टरबाई. तुम्हना हातमा देव शे." दिवलीबाई कौतुकानं सांगू लागली. "पन हाई नवीन खूळ दखा. दिनभर माटी मळी ऱ्हायनी. पुढे लोटस, दुमडस, फिरावस. कोनी शिकाडं देव जाने. उठ म्हनं तरी उठत नही."

बुधी तिथंच खाली बसली, पाय दुमडून, आणि दोन्ही हात पुढे जमिनीवर टेकवले. मग तिनं ते उचलायचा प्रयत्न केला. कोपरं वर आली, पण तळवे जमिनीलाच राहिले. हातांच्या पाठीवर मातीच्या थरातून फिकट खळगे उमटले. त्या बोटांच्या मानानं ते फार मोठे होते.

पोरीनं मान वर करून आगाथाकडे पाहिलं.

"तिले सांग ना," ती म्हणाली. "हात काढ."

आगाथा खाली वाकली. आपले हात त्या हातांवर ठेवून ते वजन परत आपल्यावर घ्यायला किती वेळ लागणार होता? टेबलावर औषधाचा काटा होता, पारडी अगदी समपातळीत. बाहेर बाकावर आजारी माणसं वाट पाहत होती.

ती सरळ उभी राहिली आणि तिनं आपले दोन्ही हात एप्रनखाली घेतले.