जुन्या बांधणीतला आवाज

"घसा बसलाय का गं तुझा?" इंद्रजितने विचारलं, तेव्हा हर्षदा त्याला चहाला बोलवायला परसदारी आली होती.

घसा अगदी ठणठणीत होता. 'इंद्रा, चहा' एवढीच हाक तिने मारली होती, लग्न झाल्यापासून रोज मारायची तशी. तो रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली मिरचीच्या रोपांना पाणी घालत होता. एरवी अर्ध्या हाकेत वळणारा माणूस आज दोन-तीन हाका झाल्या तरी ढिम्म, आणि वळला तो पत्ता विचारायला आलेल्या बाईकडे बघावं तसं बघत.

"नाही रे. का?"

"परत बोल."

"काय बोलू? चहा गार होतोय."

त्याने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "हा तुझा आवाज नव्हं."

हर्षदाला आधी हसू आलं. मग तिला आठवलं, आज सकाळीच त्याच्या कर्णिकेत नवी आवृत्ती उतरली होती. आणि ती बांधली होती तिनेच.

इंद्रजित लहानपणी तापात दोन्ही कानांनी बहिरा झाला होता; ओठ वाचूनच त्याला बोलणं कळायचं. पंचविशीत त्याला कर्णिका बसवली. तिचा एक भाग कवटीच्या आत असतो, दुसरी रुपयाएवढी चकती कानामागे चिकटवायची. चकती बाहेरचा आवाज पकडते आणि आतला भाग त्याचे विजेचे बारीक ठोके करून थेट मज्जातंतूला देतो. कुठल्या आवाजाला कुठला ठोका, हे सांगणारा तक्ता आतल्या प्रोग्रॅममध्ये असतो. कर्णिका बनवणाऱ्या कोल्हापुरातल्याच कंपनीत हर्षदा इंजिनिअर. नव्या पेशंटांना चाचणीची रटाळ वाक्यं वाचून दाखवायला एकदा तिला बसवलं, आणि हा पठ्ठ्या प्रत्येक वाक्याला म्हणायचा, "परत वाचा." पुढे लग्नाचं विचारलं तेही असंच, "जन्मभर परत परत वाचाल का?" नाही कोण म्हणणार?

आता ही बांधणी काय भानगड, तेही सांगायला हवं. प्रोग्रॅम म्हणजे हजारो फायली. त्या ठरल्या क्रमाने एकत्र शिजवून एक चालती वस्तू करायची, ती बांधणी. कंपनीत हे काम जुन्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या याद्या, करायच्या. त्या लिहिणारे केव्हाच नोकऱ्या सोडून गेलेले, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. स्क्रिप्टांचं काम विरजणासारखं चालायचं. जो भाग बदललेला नाही असं वाटेल, तो नव्याने न करता कालचाच उचलून घालायचा. 'वाटेल' हीच त्यातली गोम. म्हणून हर्षदा आणि तिचा सहकारी बिलाल मुजावर यांनी सगळं काम 'गवंडी' नावाच्या नव्या साधनावर न्यायला घेतलं. गवंडी रोज रिकाम्या खोलीत पहिल्या विटेपासून बांधतो, आणि सांगितलेल्या विटांखेरीज एक खडासुद्धा आत घेत नाही.

त्यांच्या गटात एक रीत होती. नव्या घरी जायच्या आधी जुनं घर झाडायचं. बिलालने सगळ्यांसमोर सफाईची आज्ञा दिली, जुने उरलेसुरले तुकडे पुसले गेले, पेढे वाटले. मग जुन्या स्क्रिप्टांनी एकदा शेवटचं बांधलं, गवंडीने एकदा बांधलं, आणि दोन्ही ताडून पाहिले. अक्षर न् अक्षर जुळलं. केवढ्या टाळ्या पडल्या!

अहो, जुळणारच की! झाडझूड झाल्यावर जुन्या स्क्रिप्टांनाही कोऱ्यापासूनच बांधावं लागलं होतं. ज्याच्याशी ताडून बघायचं, तेच केरात गेलं होतं. एवढी शिकलेली माणसं, पण आधी ताडून मग झाडावं हे एकालाही सुचलं नाही.

इंद्रजितने आवाज ओळखला नाही त्या दिवशी ऑफिसात हर्षदाने साठवणीतली मागची आवृत्ती काढली आणि नवीशेजारी ठेवली. फरक एकाच ठिकाणी होता, आवाजाच्या तक्त्यात. त्या तक्त्यात पूर्वी एक चूक होती. कुणीतरी ती मूळ फायलीत दुरुस्तही केली होती, पण जुन्या स्क्रिप्टांना ते कळलंच नाही. त्या वर्षानुवर्षं चुकीचाच तुकडा घालत राहिल्या. त्यामुळे बारीक, उंच सूर गिळले जात आणि बाकीचा आवाज खाली, मऊ, किंचित घोगरा होऊन उतरे.

"म्हणजे आत्ता त्यांना ऐकू जातंय ते बरोबर आहे," बिलाल म्हणाला.

"म्हणजे माझा खरा आवाज त्याने आजवर ऐकलाच नव्हता?"

बिलालने पडद्यावरचा तक्ता तिच्याकडे वळवला.

"मागची आवृत्ती परत घालूया, बिलाल. फक्त त्याच्या एकट्याच्या कर्णिकेत."

"एकदा नवी आवृत्ती उतरली की कर्णिका मागची परत घेतच नाही, माहितीये तुला. आणि नव्याने बांधायचं तर चूक डोळ्यांनी दिसत असताना मंजुरीची सही कोण देणार? हे वाच."

गडहिंग्लजच्या एका आजींचा निरोप होता. आतल्या खोलीत पाळण्यातलं नातवंड रडलं ते त्यांना पहिल्यांदाच स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं. तुमच्या हातांना यश येवो, असा आशीर्वाद दिला होता. हर्षदाने निरोप वाचला आणि ती तिथंच, सगळ्यांसमोर, रडली.

घरी इंद्रजित वाईट वागला असता तर भांडता तरी आलं असतं. तो समजूतदारपणे वागत होता. "होईल गं सवय," म्हणायचा. मेंदू नव्या ठोक्यांना रुळतो, हे तिलाही ठाऊक होतं. तसा तो रुळलाही. बुलबुलाला रुळला, कुकरच्या शिट्टीला रुळला. तिच्याशी मात्र अदबीने बोलू लागला, आणि 'परत बोल' म्हणायचं सोडूनच दिलं. मग तीही कमी बोलू लागली. जेवायला वाढू का, दार लावलंस का, एवढंच. तिला त्या दुसऱ्या बाईचा, त्या मऊ आवाजाच्या बाईचा, चक्क मत्सर वाटायला लागला.

एकदा ती न्हाणीघराचं दार लावून आवाज खाली ओढून बघत होती. जो आवाज तिने स्वतः कधी ऐकला नव्हता, त्याची नक्कल करत होती. जेवताना तसं बोलली, तर इंद्रजितचा घास हातातच राहिला.

"तसं करू नको, हर्षदा. कुणीतरी तुझी नक्कल करतंय असं वाटतं."

"मीच आहे रे!" ती ओरडली. "मीच आहे! आधी होते तीच!"

"ठाऊक आहे मला," तो हळू म्हणाला, आणि तेच तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला जाळीखाली घेऊन गेला. रोपांच्या वाफ्यापाशी समोर बसवलं. मग कानामागची चकती काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आता बोल," तो म्हणाला, थोडं मोठ्याने, कारण स्वतःचा आवाजही त्याला आता ऐकू येत नव्हता.

"काय बोलू?"

त्याची नजर तिच्या ओठांवर होती. "काहीही."

"मिरचीला पाणी फार घालतोस तू. मुळं कुजतील. मग बसशील कपाळाला हात लावून."

त्याचा चेहरा सैल पडला. डोळे भरून आले. "आला. हाच. बोल, बोल, थांबू नको."

ती बोलत राहिली. शेजारच्या काकूंचं, आईच्या गुडघ्याचं, संध्याकाळच्या भाजीचं, जे सुचेल ते. तो लहान पोरासारखा मान डोलवत होता. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की कितीतरी वेळ तिच्या तोंडून आवाज निघतच नाहीये, नुसते ओठ हलताहेत. त्याला काहीच फरक पडला नव्हता.

"हर्षदा," त्याने तिचा हात धरला. "आठवणीतला आवाज किती दिवस टिकतो गं?"