गच्चीवरचा समुद्र

"हात नका लावू! गळ आहे त्याले!"

दामिनी एवढ्या जोरात ओरडली, की दुकानात शिरलेल्या तरुणाने दोन्ही हात पोलिसांनी पकडल्यासारखे वर केले. डिसेंबरातली सकाळ होती. गांधीसागर तलावावरचा गारवा अर्ध्या उघडलेल्या शटरखालून आत येत होता. काउंटरच्या कोपऱ्यात तिची चार वर्षांची मुलगी मैत्री कानटोपी घालून चित्र रंगवत बसली होती. आपल्या ओरडण्याने लेक दचकली नाही ना, हे दामिनीने आधी पाहिलं. मग गिऱ्हाइकाकडे.

"मी काही लहान नाही हो," तो हसत म्हणाला.

"मोठेच जास्त टोचून घेतात."

तो आला होता नायलॉनच्या दोरीसाठी. मधुकररावांचं, म्हणजे दामिनीच्या बाबांचं, मासेमारीच्या सामानाचं हे दुकान तलावावर गळ टाकणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. पण आता त्याचे डोळे अडकले होते काचेच्या पेटीत. तिथे बोटभर लांबीचे लाकडी मासे ओळीने टांगले होते. खरं आमिष न लावता मोठ्या माशाला फसवायचे नकली मासे, शौकीन लोकांच्या भाषेत लूर. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून दामिनी ते कोरायची, पोटात शिसं भरायची, एकेक खवला बारीक ब्रशने रंगवायची.

"हे तर समुद्राचे... नागपुरात?"

"काहून? नागपूरच्या माणसानं समुद्राचं काही करू नये, असा नियम आहे का?"

"तसं नाही हो! मी मूळचा रेवदंड्याचा. मयूरेश नाखवा. सध्या हिंगण्याला कंपनीत आहे. सुट्टीत घरी चाललोय. खाडीच्या तोंडाशी जिताडा मासा गळाला लागतो का बघायचंय." तो जरा थांबला. "तुम्ही समुद्र पाहिलाय?"

"नाही," दामिनी म्हणाली. मान मात्र खाली गेली नाही. "तुम्ही मासा होऊन पाहिलंय का कधी?"

तो खळखळून हसला. मैत्रीही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी.

"बरं, मग तुम्हीच निवडून द्या."

निवडून द्या... दामिनीच्या मनात हा शब्द नेहमीच कुठेतरी टोचायचा. मैत्रीच्या बाबांना तिनं स्वतः निवडलं होतं, घरच्यांशी भांडून. ती फारकतीनंतर परत आली, तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात कुणीतरी हळूच म्हणायचंच, 'आपल्या दामिनीले निवडताच येत नाही.' तेव्हापासून लेकीचं दप्तर घेतानाही तिचा हात दहादा मागेपुढे व्हायचा. फक्त या माशांपुढे तो डगमगत नसे.

"थंडीत तिथलं पाणी कसं राहते? गढूळ की नितळ?"

"नितळ. पावसाचा गाळ बसलेला असतो."

"मग हा लाल-सोनेरी नको. नितळ पाण्यात मासा सगळं नीट पाहून घेतो, भडक रंग दिसला की बिचकतो. हा घ्या, पाठ शेवाळी, पोट चंदेरी. आणि याले पळवू नका. थंडीत मासाही तुमच्यासारखाच, रजईतून निघत नाही. हळू ओढायचं... आणि थांबायचं. हा वरही येत नाही, खालीही जात नाही. तोंडापुढे नुसता लटकून राहतो."

"आणि मग?"

"मग किती वेळ स्वतःले आवरून धरेल तो?"

हे बोलल्यावर तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. तिनं त्याला गच्चीवर नेऊन निळा ड्रम दाखवला. त्या पाण्यात तिचा मासा खरंच मधोमध तरंगत उभा राहिला, श्वास रोखून धरल्यासारखा. मयूरेश वाकून पाहत राहिला. माशाकडे... आणि मग पाण्यातल्या तिच्या प्रतिबिंबाकडे.

"आमच्या बाबांना लाकडाचा मासा म्हणजे शोकेसमधली शोभा वाटते," तो म्हणाला. "त्यांना जिवंत कोळंबीच लागते. असेच चार द्या. आता बघतो काय म्हणतात ते."

"जे म्हणतील ते फोन करून सांगा. मले ऐकायचं आहे."

रविवारी फोन आला. व्हिडिओवर आधी दिसलं पाणी. पाणी, आणि नुसतंच पाणी! दामिनीने मैत्रीला उचलून कडेवर घेतलं, तिलाही दिसावं म्हणून.

"रागावू नका हं..." मयूरेशचा आवाज अडखळत होता. "पण हा थांबतच नाहीये. वर येतोय."

तिचा शेवाळी-चंदेरी मासा लाटेवर कागदी होडीसारखा डुलत होता. मागून त्याच्या बाबांचा, म्हाताऱ्या नाखवांचा आवाज आला, "नागपूरचा मासा ना तो? पोहायला शिकलाच नाय!" आणि खाडीच्या पुलावर गळ टाकून बसलेली सगळी माणसं हसली.

दामिनीने फोन बंद केला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. लग्नाच्या मांडवातलं, बारशातलं.

"काहून रडून राहिली वं?" मधुकररावांनी विचारलं.

"रडून नाही राहिली. थिनरनं डोळे चुरचुरून राहिले."

काचेच्या पेटीवर तिनं जुनं वर्तमानपत्र अंथरलं. मयूरेशचे फोन येत राहिले, तिनं उचलले नाहीत.

मग एका सकाळी तिनं मैत्रीसाठी अंडं उकडायला घेतलं. गॅस पेटवायच्या आधी काडेपेटी शोधायला वळते न वळते, तोच मैत्रीने "मीठ मी टाकते!" म्हणत अख्खा डबाच पातेल्यात उपडा केला आणि डावाने ढवळायला लागली.

"अगं पोट्टे, काय करून—"

तळाशी बसलेलं अंडं डुलत डुलत वर येत होतं.

दामिनी मिठाचा पुडा घेऊन गच्चीवर धावली. ड्रममध्ये मीठ ओतलं, ढवळलं, मासा सोडला. हळूहळू... तोही वर आला. खारं पाणी जड. गोड्या पाण्यात अचूक थांबणारा मासा खाऱ्यात वर येणारच! फिजिक्स घेऊन बीएस्सी केलेल्या बाईनं वर्षभर समुद्राचे मासे ड्रमच्या गोड्या पाण्यात जोखले होते. ती कपाळावर हात मारून एकटीच हसत सुटली. निवड चुकली नव्हती. पाणी चुकलं होतं.

त्याच आठवड्यात शटरखालून आधी एक मोठा पांढरा डबा आत आला, मग मयूरेश. घामाघूम, जानेवारीच्या थंडीत!

"फोन उचलत नव्हता, म्हणून..." तो डबा ठेवत म्हणाला. "रेवदंड्याचं पाणी आहे. तुम्ही समुद्र पाहिला नाही म्हणालात ना. म्हटलं, त्यालाच घेऊन जावं. पनवेलपासून मांडीशी धरून बसलोय. टीसीने तीनदा हुंगून पाहिलं."

दामिनीला हसू फुटत होतं, पण मान ताठच राहिली. "चूक माझी मले सापडली. मीठ टाकून पाहिलं मी. तुमच्या पाण्यावाचून काही अडलेलं नाही."

"असं..." त्याचा चेहरा उतरला. "मग निदान हे तरी परत घ्या."

त्यानं कागदाची पुडी पुढे केली. दामिनीने ती सवयीने, जपून उघडली. आत तिचे मासे होते. आणि प्रत्येक गळाच्या प्रत्येक टोकावर थर्माकोलचा इवलासा तुकडा नीट खोचलेला.

"हे... काय?"

"मैत्री असते ना इथे. कधी पुडी तिच्या हातात पडली तर..." त्यानं खांदे उडवले, जणू यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

दामिनी त्या तुकड्यांकडे बघत राहिली. चार वर्षं या घरात टोकदार वस्तू फक्त तिच्याच डोळ्यांना दिसत होत्या. उंच फळी, कुलूप, मोजून ठेवलेले गळ, सगळा पहारा एकटीचा. आता दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनाही त्या दिसल्या होत्या.

"तो डबा..." तिचा आवाज जरा बारीक झाला. "गच्चीवर घेऊन या. मिठाचं पाणी ते मिठाचं पाणी. समुद्र तो समुद्र."

मैत्रीने बोट बुडवून चाखलं, "शी, खारट!" म्हणत तोंड वेंगाडलं आणि पुन्हा बुडवलं. दामिनी माशांच्या पोटावर शिशाची तार गुंडाळत होती, थोडी कापत होती, पुन्हा डब्यात सोडून पाहत होती. मयूरेश एकेक मासा तिच्या हातात देत होता. बोटांना बोटं लागली, तेव्हा दोघंही माशाकडेच बघत राहिले.

"आता तुम्हीच या," तो हळूच म्हणाला. "सव्वीस जानेवारीला. बाबांसमोर तुम्हीच टाका."

मधुकररावांनी दुकानाला कुलूप लावलं, नातीला खांद्यावर घेतलं आणि सगळे निघाले. रेवदंड्याच्या पुलावर तीच माणसं होती. म्हातारे नाखवा कोळंबीची बादली घेऊन बसले होते. दामिनीने पेटी उघडली. नाखवांचं बोट मुद्दाम लाल-सोनेरी माशाकडे गेलं.

"ह्यो टाक की पोरी, झकास हाय."

"नाही काका. पाणी नितळ आहे." तिनं शेवाळी-चंदेरी उचलला. हात डगमगला नाही.

तिनं मासा फेकला. हळू ओढलं... थांबली. पुन्हा ओढलं... थांबली. पुलावर कुणीतरी जांभई दिली. नितळ पाण्यात तिचा मासा दिसत होता, ना वर ना खाली, श्वास रोखून उभा. तिचाही श्वास तसाच. आणि मग पाणी फुटलं! रॉड वाकला, रील किंचाळलं, मैत्री त्याहून मोठ्यानं किंचाळली.

जिताडा पुलावर आला, तेव्हा नाखवांनी आधी मासा पाहिला, मग त्याच्या जबड्यातला लाकडी मासा. मग कोळंबीची बादली पायानं बाजूला सारली.

"पोरी... असं आजून हायत का तुझ्याकडं?"

भोवती गर्दी जमली. "जपानचा लूर आहे का हो?" कुणीतरी विचारलं.

"नागपूरचा," दामिनी म्हणाली.

"नागपुरात कुठे समुद्र?"

"आहे ना," मयूरेश म्हणाला. "यांच्या गच्चीवर."

मधुकरराव एका अनोळखी माणसाला छाती फुगवून सांगत होते, "माह्यी पोरगी आहे ते. स्वतः कोरते, स्वतः रंगवते." दामिनीने ऐकलं, आणि वाऱ्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं नाही.

मयूरेश खाली बसून गळ सोडवत होता. सोडवून झाल्यावर त्यानं खिशातून थर्माकोलचा तुकडा काढला आणि टोकावर खोचला.

"दामिनी," तो वर न बघताच म्हणाला, "मला विचारायचं होतं... म्हणजे, घाई नाही. तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या. मी थांबेन. वर नाही, खाली नाही..."

"थांबू नका."

त्यानं दचकून वर पाहिलं.

"मी निवडलं," दामिनी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, अगदी पुलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.