फ्रिजची कडी

मास्तरांना गाडी पसंत पडली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन भटकायचं त्यांच्या मनात होतं, आणि चाकांवरचं असं घर त्यांना आयतंच मिळत होतं. त्यांनी गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला, शेगडी पेटवून पाहिली, आणि शेवटी फ्रिज उघडला.

"काय वायरमन, तुमच्याच गाडीत अंधार?" ते हसले. "एवढा आतला दिवा करून ठेवा. चार वाजता येतो, मग कागद करू."

मास्तर गेले. वायरमनची बायको गाडीच्या दारातल्या पायरीवर मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नव्हती.

"जरा टॉर्च धरतेस?" त्याने आतून विचारलं.

"विकायची तुम्हाला आहे. तुम्हीच धरा."

हजार घरांत दिवे लावलेला माणूस तो. फ्रिजमधला बल्ब म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. पण या गाडीत पाऊल ठेवायचं म्हटलं की अजूनही पाय जड व्हायचे.

फिरायला म्हणून हौसेने घेतलेली गाडी फिरली कुठे? मोठ्या शहरातल्या इस्पितळामागच्या पार्किंगमध्ये चार महिने उभी राहिली. आत तिघं. तो, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलेलं. तीच भिंगरी मग फ्रिजसमोरच्या अरुंद बाकावर दिवस दिवस पडून असायची. तिची इंजेक्शनं फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवलेली असत. अंधार तिला सोसायचा नाही. पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्याने ती फ्रिजचं दार उघडायची, पिवळा उजेड अंगावर घ्यायची आणि झोपून जायची.

"भिंगरे, बॅटरी उतरेल अशाने. तुझंच औषध नासेल," तो म्हणायचा आणि दार लावायचा. थोड्या वेळाने पुन्हा उघडं.

गाडी चालताना दार उघडू नये म्हणून फ्रिजला वर एक कडी होती. एका संध्याकाळी वैतागून त्याने ती लावली.

"बाबा, कडी काढ ना."

"झोप आता."

"बाबा, थोडीच."

तेव्हा तो ओरडला. तिसऱ्यांदा तिने मागितलं नाही. सकाळी तिला वॉर्डात नेलं, ती या बाकावर परत आलीच नाही. गाडी घरी आणल्यावर पहिलं काम त्याने केलं ते कडी काढायचं; पुन्हा ती कधी लावली नाही.

त्याने दुधी रंगाचं झाकण उघडून बल्ब काढला. मीटर लावला, बल्ब चांगला होता. फ्यूज शाबूत. बॅटरी भरलेली. दाराच्या चौकटीतलं बटण, दार लागलं की दबतं आणि दिवा विझतो, तेही ठीक वाटत होतं. मग त्याने होल्डरलाच मीटर लावला. बटण सोडलं, शून्य. बटण दाबलं, साडेबारा व्होल्ट.

उलटं.

पेटीतून नवं बटण काढून त्याने बसवलं. तरी उलटं. वायरी पाहिल्या, सगळ्या कारखान्यातून आल्या तशाच, जिथल्या तिथे. खिडकीतलं ऊन मीटरवर चमकत होतं, आकडा नीट दिसेना. बल्ब शर्टाच्या खिशात टाकून, झाकण पुन्हा बसवून त्याने फ्रिजचं दार लावलं आणि सगळे पडदे ओढून घेतले.

आत काळोख झाला. तो वळला.

फ्रिजच्या दाराच्या रबराभोवती केसाएवढी पिवळी रेघ उजळलेली होती.

त्याने खिसा चाचपला. बल्ब खिशातच होता.

दार उघडलं. अंधार, गार हवा, रिकामे कप्पे. दार लावलं. रेघ. पुन्हा उघडलं. अंधार. तिसऱ्यांदा उघडायला गेला तेव्हा मूठ पकडण्याआधीच रेघ विझली, कुणीतरी पाऊल ऐकून घाईने विझवावी तशी.

"अगं," त्याने हाक मारली. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

बायको मटारचं भांडं घेऊन आत आली. मिटलेले पडदे पाहिले, फ्रिज पाहिला. दचकली नाही.

"तुला माहीत होतं?"

"गाडी घरी आणली तेव्हापासून."

"मग बोलली नाहीस कधी?"

"काय बोलू? इथे येऊन बसते मी रोज. लांबून दिसतं तेवढंच. आपण उघडायला गेलो की विझवते." तिने भांडं बाकावर ठेवलं. "ओरडा बसेल म्हणून."

बाकाच्या कडेला हात टेकत तो खाली गुडघ्यांवर बसला. रेघ पुन्हा उजळली होती.

"भिंगरे," तो म्हणाला.

रेघ हलली नाही.

"लाव गं दिवा. उतरू दे बॅटरी."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली.

"बाबा नाही रागावणार."

त्याने एका बोटाने दार ओढलं.

दिवा लागलेला होता. पिवळा उजेड सांडला तो थेट बाकावर, उशी असायची तिथे. बायको त्या उजेडात हात ठेवून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

चार वाजता मास्तर आले. कागद काखेतच ठेवून त्यांनी आधी फ्रिज उघडला. "वा! काय बिघडलं होतं?"

"माझंच चुकलं होतं," वायरमन म्हणाला. "मास्तर, माफ करा. गाडी द्यायची नाही आता."

"असं कसं? सकाळी तर..." मास्तरांनी वायरमनच्या बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आखूड बाकाकडे पाहिलं, आणि पुढचं बोलणं गिळलं. जाता जाता सवयीने त्यांनी फ्रिजचं दार लावलं आणि कडीकडे हात नेला.

"कडी नको!"

नवराबायको एकदमच ओरडली. मास्तरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

त्यांना फाटकापर्यंत सोडून तो वळला. छातीपाशी काहीतरी पोळत होतं. त्याने खिशात हात घातला.

बल्ब बोटांत धरवत नव्हता.