कुणालाच न लागणारा आवाज

"शर्वाणी, चहा निवतोय."

वाक्य अप्पांचं होतं. आवाज अप्पांचा नव्हता.

शर्वाणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. समोर आजोबाच बसले होते, मांडीवर कीबोर्ड, छातीवर चपटी बोलपेटी. पण पेटीतून बोलला तो कुणी तिशीतला माणूस. गोड, सपाट, अनोळखी. चिकू कुत्रा शेपूट घालून दाराशी गेला आणि अप्पांकडे बघून गुरगुरू लागला.

थांबा. आधी पेटीचं सांगायला हवं.

अप्पा नाडकर्णी कोकणातल्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) रेडिओ-वेधशाळेतले शास्त्रज्ञ. आजारपणात त्यांचं स्वरयंत्र (घशातला आवाज निर्माण करणारा अवयव) काढावं लागलं. त्याआधीच त्यांनी आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. आता ते टाइप करत आणि घरचा लिनक्स संगणक ते त्यांच्याच आवाजात पेटीतून बोलून दाखवी. वेधशाळा बंद पडली, तिथली मूळ ध्वनिमुद्रणं गेली. अप्पांचा आवाज उरला तो या एकाच संगणकात.

आणि आज इथेही नव्हता.

"काल संगणकावर काय केलंस?" पेटीतल्या परक्यानं विचारलं.

"अप्पा, असं नका ना बोलू!"

"मग कसं बोलू? माझ्याकडे हा एवढाच उरलाय."

बाहेर सड्यावर वारा घोंघावत होता. शर्वाणी पुटपुटली, "मी फक्त ताराघर काढून टाकलं, तो नक्षत्रांचा प्रोग्राम. तुम्ही ते उघडतच नाही."

"कशानं काढलंस?"

"हसऱ्या दुकानानं."

हसरं दुकान हा तिचा लाडका पॅकेज मॅनेजर (संगणकात प्रोग्राम आणणारा, बसवणारा आणि काढणारा कारभारी). नुसत्या चित्रांवर बोट ठेवायचं, की काम फत्ते. तिनं घाईघाईनं तो उघडला आणि ताराघर परत मागितलं.

*ताराघर भांडारात सापडलं नाही.*
*जुनी साठवण रिकामी करून पुन्हा बघू?*
*होय!*

बटण एकच. मोठं, गुलाबी. तिचं बोट खाली निघालं.

"बोट उचल!"

परका पहिल्यांदाच ओरडला होता. चिकू भुंकला.

"साठवण म्हणजे माहितीय?" अप्पांची बोटं कीबोर्डवर धावत होती. "आलेल्या पॅकेजची एकेक प्रत संगणक बाजूला ठेवतो, ती जागा. ताराघर जिथून आलं, ते वेधशाळेचं भांडार आता नाही. माझ्या आवाजाची शेवटची प्रत तिथंच असेल, असली तर. तू होय म्हणालीस की संपलं."

"पण मी तुमच्या आवाजाला हातही लावला नव्हता!"

"भेळ करायला काय काय लागतं?"

"आत्ता भेळ? चुरमुरे, शेव, कांदा, चटणी…"

"प्रोग्रामचंही तसंच. एकाला दुसरा लागतो. याला अवलंबित्व म्हणतात (एका पॅकेजला दुसऱ्याची गरज असणं). ताराघर माझ्या आवाजात नक्षत्रं सांगायचं, म्हणून त्याच्यासोबत माझा आवाज बसला. तू ताराघर काढलंस. दुकानानं बघितलं, हा आवाज आता कुणाला लागतो? कुणालाच नाही. केर समजून झाडला. तुला विचारलंही नाही."

"बोलपेटीला लागत होता की!"

अप्पांनी पुन्हा टाइप केलं.

"लागत होता. पण ते मी संगणकाला सांगितलंच नाही. पेटीचा प्रोग्राम दवाखान्याच्या खाटेवर घाईत लिहिलेला. माझाच आवाज, जाणार कुठं, असं धरून चाललो. तो गेला, तेव्हा पेटीनं संगणकासोबत आलेला हा आवाज उचलला."

मग त्यांनी तिला दुसरा कारभारी उघडायला सांगितला. 'उघडं कपाट'. करडा, कंटाळवाणा, अक्षरांनी गच्च भरलेला. शर्वाणीनं एरवी नाक मुरडलं असतं. आज तिनं त्याच्याकडेही ताराघर मागितलं.

*ताराघर: भांडारात नाही. साठवणीत प्रत आहे.*
*बसवल्यास सोबत येईल: आवाज-अप्पा.*
*अजून काहीही केलेलं नाही. पुढे जाऊ?*

"हा आधी सांगतो, मग करतो," ती हळूच म्हणाली.

"कारभारी निवडताना चेहरा बघू नकोस. काय येणार, काय जाणार, ते तो आधी दाखवतो का, ते बघ."

तिनं होय म्हटलं. पट्टी सरकत गेली. सरकत गेली. अडली. वाराही थांबल्यासारखा वाटला.

"शर्वाणी," खोलीत खरखरीत, थोडा नाकातला आवाज घुमला, "चहा पार निवला की गं."

चिकू धावत येऊन अप्पांच्या पायांवर पडला. शर्वाणी हसत होती आणि तिला पडदा नीट दिसत नव्हता.

अप्पांनी बोलपेटीच्या प्रोग्राममध्ये राहिलेली ओळ लिहिली: मला आवाज-अप्पा लागतो. शर्वाणीनं आवाजासमोर खूण केली: *कुणाला लागो न लागो, हा मला हवा.* हसऱ्या दुकानाला तिनं निरोप दिला.

तेवढ्यात उघड्या कपाटानं विचारलं.

*आवाज-१ आता कुणालाच लागत नाही. काढू?*

आवाज-१. सकाळपासून अप्पांच्या छातीवरून बोलणारा तो परका.

"अप्पा, हा कुणाचा?"

"कुणीतरी कधीतरी माइकसमोर बसून बोललेला माणूस. नाव माहीत नाही."

"त्याच्या घरी असेल का हा आवाज?"

 

शर्वाणीनं 'नाही' निवडलं आणि त्याच्यासमोरही तीच खूण केली. कधीतरी कुणी शोधत आलं, तर निदान तो सापडायला हवा.